मोडीचा भाव आणि दारूगोळ्याची बेगमी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रांझी येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी तो दोनदा वाचून पाहिला, असे ऐकतो. या व्याख्यानमालेत आपण काल-परवा संतवाङ्मय ऐकलेत, नाट्यसंगीत ऐकलेत. आणि आज पितळ, शिसे, कापूस व दारू. दारू म्हणजे बंदुकीची दारू, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. मागच्या रांगेतील मित्रांची त्यामुळे निराशा होत असेल तर नाइलाज आहे.

विषय थोडक्यात असा. एकदा उडविलेले काडतूस पुन्हा भरावयाचे, किंवा नवे भरावयाचे, तर त्यास लागणारा माल घाऊक, वेळेवर आणि परवडेल अशा दराने आणावयाचा कोठून? हा प्रश्न प्रत्येक सैन्यास पडतो, प्रत्येक कारखान्यास पडतो, आणि काही देशांत घरच्या घरी काडतुसे भरणाऱ्या हौशी नेमबाजांसही पडतो. रांझीस तो परका नाही. एका अंगास खमरिया, दुसऱ्या अंगास वाहन कारखाना, आणि शहराकडे जाताना १९०४ साली उभा राहिलेला तोफगाड्यांचा कारखाना. या तिहींच्या मध्ये आपली घरे वसली. खमरियाचा कारखाना १९४२ चा, महायुद्ध ऐन भरात असतानाचा. तेथे मुख्यतः भरण्याचे काम चालते. पुंगळी एका ठिकाणाहून येते, दारू दुसऱ्या ठिकाणाहून, कवच तिसऱ्या ठिकाणाहून. आणि खमरियात ती एकत्र होऊन त्यांचा गोळा बनतो. आपल्यापैकी निम्म्या कुटुंबांची चूल याच भरण्यावर पेटली. कोणी खडकीहून बदलून आले, कोणी भुसावळहून, कोणी वरणगाव किंवा भंडाऱ्याहून. त्यापूर्वीही मराठे जबलपुरात आले होते. १७९८ पासून १८१७ च्या अखेरीपर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते. परंतु ते तलवार घेऊन आले आणि आपण बदलीचा हुकूम घेऊन आलो, एवढा फरक.

आम्ही स्वतः कधी काडतुसास टोपी बसविली नाही की दारू तोलली नाही. आमची पदवी कलाशाखेची आणि नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबाच्या खात्यातील. तेव्हा येथे बसलेल्या निवृत्त फोरमन मंडळींनी यंत्राविषयी आमचे काही चुकल्यास क्षमा करावी. मात्र वस्तू किती पैशांस पडते, स्वस्त का पडते आणि ती स्वस्ताई पुढे कोणाच्या नावावर खर्ची पडते, हे पाहणे हेच आमचे आयुष्यभराचे काम असल्यामुळे तेवढ्यापुरता अधिकार आम्ही घेतो.

प्रथम घरचीच गोष्ट पाहू. दारूगोळ्याच्या बेगमीचा विचार मराठ्यांस नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांची 'आज्ञापत्र' म्हणून प्रसिद्ध असलेली राजनीती अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. तीत किल्ल्यावरील दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, आणि ठराविक दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हे देऊन पुन्हा बंद करावी, अशा अर्थाची बारकाईची सूचना आहे. लढाईच्या वर्णनांत आपण रमतो. दारू उन्हात घालणाऱ्या हवालदाराचा पोवाडा कोणी रचत नाही. परंतु सर्दावलेल्या दारूने गड राखता येत नाही, हे अमात्यांस पुरते ठाऊक होते.

दुसरी आठवण खरेदीची. कोळसा येथला आणि सोराही येथला. पण शिसे, तांबे, तोफा यांसाठी किनाऱ्यावरील टोपीकरांकडे पाहावे लागे. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरचे इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेले आणि त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तेथल्या इंग्रजांस कैदेत घातले, हे सर्वश्रुत आहे. आम्ही या घटनेकडे हिशेबनिसाच्या डोळ्यांनी पाहतो. माल विकणाऱ्याचे गिऱ्हाईक एकटे आपणच नसतो. ज्याच्या वखारीवर आपली बेगमी अवलंबून, तो उद्या समोरच्या छावणीतही दिसू शकतो.

आता काडतुसाकडे वळू. हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून आलेला. काडतुसाचे भाग चार: धातूची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी जळते, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी तेवढी मागे उरते. आणि गंमत अशी की या चौघांत पुंगळीच पुष्कळदा सर्वांत महाग असते. ती सत्तर भाग तांबे व तीस भाग जस्त यांच्या पितळेची असते. आपल्या भांड्यांच्या पितळेत जस्ताचे प्रमाण सहसा याहून अधिक. पितळेची वाटी घेऊन ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करावयाची, मध्ये मध्ये तापवून मऊ करावयाची, पुन्हा ओढावयाची. लाटलेली पोळी हळूहळू नळीएवढी उंच करावी, तसा हा खटाटोप. इतके करून पितळच का, तर बार उडताच पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते, धूर व ज्वाला मागे येऊ देत नाही आणि लगेच आकसून सुटी होते. हा गुण पितळेइतका दुसऱ्या स्वस्त धातूत सहजी मिळत नाही.

म्हणजे चौघांतील सर्वांत महाग भाग बार झाल्यावरही आपल्या हातात राहतो. गृहिणींस येथे अधिक सांगावयास नको. जुने तपेले मोडीत घालून नवे घेताना आपण मजुरी देतो, धातूचे पैसे पुन्हा देत नाही. रिकाम्या पुंगळीचे तेच. ती धड असेल तर पुन्हा भरावी, नसेल तर वितळवून नवी करावी. तोफेच्या मोठ्या पितळी पुंगळ्या गोळीबारानंतर गोळा करून परत पाठविण्याची, दुरुस्त होतील त्या दुरुस्त करून पुन्हा वापरण्याची चाल सैन्यांत जुनी आहे. ज्यांची मुले एन. सी. सी. त आहेत त्यांनी विचारून पाहावे. नेमबाजीचा सराव संपला की सारे कॅडेट गवतात वाकून खोखे शोधीत असतात. येथील हिंदीत पुंगळीस खोखा म्हणतात. एक जरी खोखा कमी भरला तरी सर्वांस उन्हात थांबावे लागते. मुलांस ते जाचक वाटते. पण दिलेली काडतुसे आणि परत आलेले खोखे यांचा मेळ बसल्याखेरीज एखादे जिवंत काडतूस खिशातून घरी गेले नाही, याची खात्री दुसऱ्या कोणत्या मार्गाने होणार?

प्रत्येक पुंगळी मात्र पुन्हा भरता येत नाही. टोपी बसविण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत. एक इंग्रज अधिकारी बॉक्सर यांची; तीत पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र असते, त्यामुळे जळकी टोपी आतून काडीने ढकलून काढता येते. दुसरी अमेरिकन बर्डन यांची. तीत मध्ये उंचवटा आणि बाजूस बारीक छिद्रे, त्यामुळे टोपी काढणे किचकट. आश्चर्य असे की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपातील सैन्यांत. कोणत्या देशात घरगुती पुनर्भरण वाढले आणि कोठे नाही, यात या एका छिद्राचाही वाटा आहे. आणि नेमबाजीच्या स्पर्धेतील बिंदू दोन दोन बोअरच्या बारीक काडतुसाची तर कथाच वेगळी. त्यास स्वतंत्र टोपी नसतेच. पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या काठात भरलेले असते आणि घोड्याच्या आघाताने तो काठ कायमचा चेपतो. पॅरिस येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळविले तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्या पदकामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो, आणि त्या सरावातील प्रत्येक पुंगळी एकदाच कामी येते. मध्यम स्थितीतील घरातून नेमबाज घडविणे किती खर्चाचे, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

पुंगळी जपण्याविषयी एक हकीगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती हिंदुस्थानातीलच आहे. इंग्रजी अमदानीत येथील फौजेस असा अनुभव येई की धडधाकट पितळी काडतुसे पावसाळाभर कोठारात ठेवली की आपोआप तडकत. ना ठोकर, ना भार. ऋतू पालटला की तडा, म्हणून त्या रोगास 'ऋतूचा तडा' अशा अर्थाचे नावच पडले. उलगडा १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाने झाला. ही काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी ओढताना पितळेत राहून गेलेला ताण, या तिघांच्या संगनमताने पितळ फुटे. उपाय काय, तर पुंगळी तयार झाल्यावर बेताची तापवून तो ताण काढून टाकणे, आणि माल तबेल्यात न ठेवणे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्या घरात आजी नातसुनेस बजावून सांगते, त्या घरास पितळेचा हा हळवेपणा नवा वाटू नये.

असो. पितळेनंतर दारू. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू निघाली आणि तिचा पाया कापूस हा झाला. सरकी पिळण्यापूर्वी तिच्या अंगावर राहिलेला जो आखूड तंतू खरवडून काढतात, तो शुद्ध करून त्यावर आम्लांची प्रक्रिया केली म्हणजे या दारूचे मूळ द्रव्य तयार होते. वऱ्हाडातून आलेल्या आपल्या मंडळींस जिनिंगच्या आवारातील ती पांढरी धूळ आठवत असेल. तिला इतकी किंमत असेल, असे तेव्हा कोणास वाटले असते!

या साध्या मालावाचून बलाढ्य राष्ट्रांची काय अवस्था होते, ते पहिल्या महायुद्धात दिसले. नाकेबंदीमुळे जर्मनीस चिलीचा सोरा मिळेना. तेव्हा हवेतील नत्रवायूपासून अमोनिया आणि त्यापासून आम्ल करण्याच्या नव्या विद्येवर सारी भिस्त ठेवावी लागली. कापूस मिळेना म्हणून लाकडाचा लगदा वापरला. तांबे व कथील यांसाठी चर्चच्या घंटा वितळविल्या. तिकडे इंग्लंडात एका दारूस लागणारा द्रव कमी पडला, तेव्हा १९१७ साली शाळकरी मुलांकरवी रानातील घोडचेस्टनटची फळे गोळा करविली. आणि हा केवळ इतिहास नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकल्यावर युरोपास आपली कोठारे रिकामी असल्याचा शोध लागला. तोफेच्या १५५ मिलिमीटर गोळ्याची किंमत दोन हजार युरोंवरून आठ हजारांवर गेल्याचे नाटोच्या ज्येष्ठ सेनाधिकाऱ्याने २०२३ मध्ये सांगितले. २०२४ मध्ये त्याच युरोपात ओरड झाली की दारूस लागणारा कापसाचा आखूड तंतू मोठ्या प्रमाणावर चीनहून येतो. राजापूरच्या वखारीची गोष्ट आम्ही उगाच काढली नव्हती.

आपल्या देशाने हा धडा १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर घेतला. वरणगाव, अंबाझरी, भंडारा, चांदा हे महाराष्ट्रातील कारखाने त्यानंतरच उभे राहिले. खमरियाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा सोयरा म्हणजे कटनी. तेथील कारखानाही १९४२ चा, आणि त्याचे काम पितळेचे. येथून आगगाडीने दीड-दोन तासांवर. तांब्याची खाण म्हणाल तर मलाजखंड, आपल्या बालाघाट जिल्ह्यात, १९८२ पासून चालू. खनिज शेजारी, पितळ शेजारी, दारू भंडारा-इटारसीकडे, भरणे खमरियास. नकाशा पाहता असे वाटते की कोणी जाणत्या गृहिणीने कोठीघर स्वयंपाकघराशेजारी बांधावे तशी ही मांडणी आहे.

परंतु या कोठीघराची १ ऑक्टोबर २०२१ रोजी वाटणी झाली. कलकत्त्याच्या मंडळाखाली असलेले एक्केचाळीस कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे, कटनी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, तोफगाड्यांचा कारखाना कानपूरच्या कंपनीकडे, वाहन कारखाना आवडीच्या. पूर्वी एका कारखान्याचा माल दुसऱ्यास आंतर-कारखाना मागणीवर लागत किमतीत मिळे. एकत्र कुटुंबात थोरल्या जावेने धाकटीस वाटीभर साखर द्यावी तसे. आता वाटणीनंतर दोघी शेजारणी झाल्या. साखर मिळते, पण वहीत लिहून. या बदलाविषयी आपल्यात दोन तट आहेत आणि या व्यासपीठावर आम्ही तो वाद उकरून काढणार नाही. आमच्यापुरते मत एवढेच की लागत किमतीच्या जुन्या पद्धतीत वस्तूची खरी किंमत कोणासच कळत नसे, आणि नव्या पद्धतीत ती सर्वांस इतकी कळते की तिच्यापलीकडचे काही दिसेनासे होण्याचा धोका आहे.

तो धोका कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. दारूगोळा ठेवण्याच्या लाकडी पेट्यांची निविदा निघाली. नियमाप्रमाणे सर्वांत कमी दर ज्याचा त्यास काम. पेट्या आल्या, मापास बरोबर, रंगास बरोबर. लाकूड मात्र पुरते सुकलेले नव्हते. पावसाळा गेला आणि पेट्या उघडल्या तेव्हा पितळेवर हिरवट डाग धरलेले. संपूर्ण माल पुन्हा तपासावा लागला, काही बाद करावा लागला. आम्ही कागद पाहावयास गेलो तेव्हा कोठारावरील एक वयस्क मराठी गृहस्थ म्हणाले, "साहेब, पेटीत बारा आणे वाचले आणि आतल्या मालात रुपया गेला." कागदोपत्री कोणाचा दोष निघाला नाही. निविदा नियमानुसार होती. लाकूड किती सुकलेले असावे हे तपासण्याची तरतूदही होती. फक्त ते तपासण्यास जेवढे दिवस लागतात तेवढे मालाच्या घाईत कोणाकडे नव्हते. स्वस्त खरेदीस आमचा विरोध नाही, आमची भाकरीच तिच्यावर आहे. परंतु तपासणीचे दिवस हा किमतीचाच भाग आहे, हे दरपत्रकात कोठे लिहिलेले नसते.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांकडून अनेकांनी ऐकले असेल की अमेरिकेत सामान्य माणूस घरी काडतुसे भरतो. हे खरे आहे, आणि त्यामागे काटकसर हेच मोठे कारण असते. पुंगळी पुन्हा पुन्हा वापरावयाची. टोप्या, दारू, गोळ्या घाऊक आणावयाच्या. आपण वर्षाचे गहू-तांदूळ भरतो तशी ती बेगमी. टोप्या आणि दारू घातक माल असल्यामुळे प्रत्येक पाठवणीमागे वेगळा आकार पडतो. तो पाचशे टोप्यांस आणि पाच हजार टोप्यांस सारखाच, म्हणून चार मित्र मिळून एकच मागणी करतात. आपल्या मंडळातील भगिनी कोकम, गोडा मसाला आणि भाजणी पुण्याहून एकाच पार्सलात मागवून वाटून घेतात, ती युक्ती याहून निराळी नाही. मात्र टंचाई आली की ही बेगमीच महागाईस कारण होते. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०२०-२१ मध्ये तेथे टोप्या दिसेनाशा झाल्या, कारण ज्यास शंभर हव्यात त्याने हजार भरून ठेवल्या. १९७१ पूर्वी जन्मलेल्यांस रॉकेलच्या रांगा आठवत असतील. माणूस सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे हे चालत नाही, आणि चालू नये असेच आमचे मत आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रेही 'दारूगोळा' या संज्ञेतच मोडतात. परवान्यावाचून ते भरणे हा गुन्हा. पूर्वी या भागात शिकारीचे प्रस्थ होते. जुने शिकारी बारा बोअरच्या पितळी पुंगळ्या जपून वापरीत, ठासणीची बंदूक असलेला शेतकरी बार भरून रात्रभर मचाणावर बसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि तिच्याबरोबर ते कसबही गेले. फुसका बार, बार ठासणे, बार उडविणे हे वाक्प्रचार तेवढे लग्नकार्यापुरते आपल्या बोलण्यात उरले.

येथवर सारे हिशेबाचे झाले. आता जे सांगावयाचे ते सांगताना आमचा आवाज आपोआप खाली येतो.

पितळ महाग, म्हणून भंगारास मोल. आणि मोल म्हणून ते उचलणारे हात. गोळीबाराच्या मैदानांजवळच्या वस्त्यांतून गरीब माणसे धातूचे तुकडे वेचावयास जातात. त्यांतील एखादा तुकडा न फुटलेला असतो. २५ एप्रिल २०२४ रोजी आपल्याच शहरात, खजरी खिरिया बायपासवरील भंगाराच्या गोदामात जो स्फोट झाला तो आपण विसरला नसाल. दूरवरच्या घरांस हादरे बसले, गोदाम उद्ध्वस्त झाले, पोटासाठी तेथे राबणारी माणसे गेली. ढिगाऱ्यात बॉम्बची कवचे सापडल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले. सैन्यातून वा कारखान्यातून विकावयाच्या भंगारास 'स्फोटकमुक्त' असल्याचा दाखला लागतो. लहान काडतुसांचे भंगार बंदिस्त भट्टीतून काढतात, की चुकून एखादे जिवंत राहिले असेल तर ते तेथेच उडावे. तो दाखला म्हणजे एक कागद आणि एक सही. आम्ही जन्मभर कागद आणि सह्या पाहिल्या. त्यांपैकी बहुतेकांची किंमत शाईइतकीच असते हेही पाहिले. पण या एका सहीवर हातोडा हातात घेतलेल्या माणसाचा जीव टांगलेला असतो. त्याला तो कागद कधी दिसत नाही. त्याला फक्त किलोचा भाव ठाऊक असतो.

बाद झालेल्या मालाचा हिशेब सैल झाला की काय होते, याचे दुसरे उदाहरणही जबलपूरचेच. केंद्रीय आयुध भांडारातील निकामी म्हणून वेगळ्या काढलेल्या एके-४७ रायफलींचे भाग बाहेर जाऊन त्यांच्या पुन्हा बंदुका झाल्या आणि त्या बिहारातील मुंगेरपर्यंत पोहोचल्या, हे प्रकरण २०१८ साली उघडकीस आले. मोडीत काढलेली वस्तू मेली असे आपण धरतो. ती मेलेली नसते.

आणि जे हे काम नियमाने, डोळ्यांत तेल घालून करतात, त्यांचे काय? २२ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी खमरियात स्फोट झाला आणि आपल्या शेजारच्या घरांतून आक्रोश उठला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगरात आठ जण गेले. त्या दिवशी रांझीतल्या कितीतरी मराठी घरांनी भंडाऱ्यास फोन लावले, आणि लागेपर्यंत कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांच्यापैकी कोणी आज या सभागृहात असतील तर आम्ही त्यांच्यापुढे नतमस्तक आहोत. या दुर्घटनांची कारणे सांगणे आमचे काम नव्हे. ते ज्यांचे आहे त्यांनी करावे. आम्ही एवढेच म्हणतो की गोळ्याची किंमत काढताना पितळ, दारू, मजुरी आणि वाहतूक असे रकाने आम्ही मांडतो, त्यांत कामगाराने सकाळी घरून निघताना देवापुढे जोडलेल्या हातांचा रकाना नाही. तो मांडता येणारही नाही. पण दुसऱ्या बाजूस 'बचत' या शीर्षाखाली जो आकडा येतो, तो यातूनच तर आला नाही ना, हे विचारण्याचा हक्क हिशेबनिसासही असावा.

आता शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या पुष्कळ घरांतून दिवाणखान्यात पितळी पुंगळीची फुलदाणी आहे. कोणाच्या वडिलांनी निवृत्तीच्या वेळी मिळाली म्हणून ठेवली, कोणी जुन्या बाजारातून घेतली. दसऱ्यास ती चिंचेने घासून लखलखीत करतात, झेंडूची फुले घालतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. परंतु बुडाशी टोपी तशीच असलेली, किंवा तोंडाशी अजून गोळा बसलेला असलेली एखादी वस्तू माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेत निघाली, तर ती घासू नये, तापवू नये, मुलांच्या हाती देऊ नये, आणि मोडीचा भाव चांगला आहे म्हणून भंगारवाल्यास तर मुळीच देऊ नये. जेथे आहे तेथेच ठेवून रांझी पोलीस ठाण्यास किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. नेणारे ती योग्य तऱ्हेने नेतात. आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या दिवाळीच्या साफसफाईत असेच झाले. शेजारी जमले, थोडा गोंधळ झाला, आजींनी तेवढ्यात आलेल्या हवालदारास चिवडा-लाडू दिले, आणि ट्रंक रिकामी झाली.

 प्रश्न असतील तर विचारावेत. पितळेविषयीचे प्रश्न मात्र पहिल्या रांगेतील फोरमनसाहेबांस विचारावेत.